तिसऱ्या रांगेतली ताई

आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून सांगायला हरकत नाही. ताईनेही परवानगी दिली आहे. "लिही, पण मला बिचारी करू नकोस," एवढीच तिची अट. बिचारी ती कधीच नव्हती. असलीच तर थोडी लबाड होती, आणि ती लबाडी तिने सहा वर्षं मोठ्या मेहनतीने निभावली.

माझी ही थोरली बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय चोपन्न. सुरुवातीची वीसएक वर्षं तिने गणित शिकवलं. मग शाळेत दहा संगणक आले. ते कोणाच्या गळ्यात मारायचे यावर शिक्षकांच्या खोलीत बैठक झाली आणि ते ताईच्या गळ्यात पडले, कारण त्या दिवशी ती रजेवर होती. आधी तिने भरपूर आदळआपट केली. मग पुस्तकं आणली. महिन्याभरात तिचा नूरच पालटला. मुलांना कोडिंग शिकवायचं, म्हणजे संगणकाला एकेक सूचना नीट क्रमाने कशी द्यायची ते शिकवायचं, हे तिला गणितापेक्षा जास्त आवडायला लागलं. "गणितात उत्तर चुकलं की मूल रडायला लागतं," ती म्हणायची, "इथे चुकलं की म्हणतं, थांबा बाई, कुठे अडलंय ते मी बघतो." तिच्या वर्गाने एकदा शाळेच्या घंटेचं वेळापत्रक संगणकावर चढवलं. त्यात एक चूक राहिली आणि मधली सुट्टी पन्नास मिनिटं चालली. ती चूक शोधायला मात्र कोणत्याच मुलाने घाई केली नाही.

मी कोर्टात लघुलेखिका आहे. साक्षीदार बोलतो, मी टाइप करते; बावीस वर्षं हेच चाललंय. लोक शब्द गिळतात याचा मला मनस्वी राग आहे. घरच्यांना तो फार जाचतो, पण कोर्टात त्याची कदर होते. तिथे मला एक अधिकार आहे. नीट कळलं नाही तर मी कोणालाही थांबवू शकते. वकिलाला, साक्षीदाराला, अगदी न्यायाधीशांनाही. नोंद चुकली तर पुढचं सगळंच चुकत जातं, हे त्यांनाही ठाऊक असतं.

तर एका रविवारी ताई माझ्याकडे आली आणि हाताने लिहिलेलं एक पत्र पुढे करून म्हणाली, "हे जरा टाइप करून दे."

पत्र मुख्याध्यापिकांना होतं. 'घरगुती कारणांमुळे यापुढे कोडिंगचा वर्ग घेणे मला शक्य नाही. तरी तो खेळाच्या सरांकडे सोपवावा, ही विनंती.'

मी दोनदा वाचलं. खेळाचे सर माणूस म्हणून देवमाणूस, पण संगणक बंद करायचा म्हणजे भिंतीवरचं बटण दाबायचं, अशी त्यांची समजूत.

"घरगुती कारण कोणतं?" मी विचारलं. "तुझ्या घरात तू आणि एक मांजर. मांजराने काय केलंय?"

ती हसली नाही. म्हणाली, "नवा अभ्यासक्रम येतोय. सगळंच बदलणार आहे. तो परिषदेत समजावून सांगणार आहेत, आणि परिषदेनंतरच्या सोमवारी शाळेने नाव कळवायचंय, वर्ग कोण घेणार त्याचं. मला नाही जमायचं आता."

ही परिषद म्हणजे मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या शिक्षकांचा दोन दिवसांचा मेळावा. दरवर्षी तंत्रनिकेतनाच्या सभागृहात भरतो. ताई गेल्या वर्षी गेली होती आणि येताना एक कापडी पिशवी, चार पत्रकं आणि 'छान झालं' एवढा अहवाल घेऊन आली होती.

"गेल्या वर्षी जमलं, मग यंदा काय झालं?" म्हणत मी कप विसळायला उठले. तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, "बरं, गेल्या वर्षी काय शिकलीस ते तरी सांग."

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. मागे वळून पाहिलं, तर ती टेबलावरच्या चुरा झालेल्या बिस्किटाचे कण बोटाने गोळा करत होती. माझा चेहरा दिसताच म्हणाली, "हो ना, तेच म्हणते मी."

मी पुन्हा नळाकडे वळले आणि मान हलवत, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "ताई, तुझं मांजर खिडकीतून खाली पडलं."

"हो ना," ताई म्हणाली, "तेच म्हणते मी."

मी नळ बंद केला, तिच्या समोर येऊन बसले आणि मग सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी डावा कान गेला, नंतर हळूहळू उजवाही त्याच वाटेला लागला. कानात घालायचं यंत्र तिने घेतलं होतं. पण वर्गात त्या यंत्रातून मुलांपेक्षा बाकांचाच आवाज मोठा यायचा, म्हणून ते कपाटात पडून होतं. ती ओठ वाचायला शिकली होती, तेही एकटीने, आरशात बघून. समोरासमोर माणूस असेल तर तिचं बरंचसं भागायचं. परिषदेत मात्र दिवे मालवलेले असत, आणि बोलणारा भिंतीवरच्या चित्रांकडे तोंड करून बोलत असे.

"दोन दिवस काय केलंस मग?"

"सगळे हसले की हसायचे," ताई म्हणाली. "दोन दिवस तेवढंच केलं."

मग हळू आवाजात म्हणाली, "शाळेला कळलं तर वर्ग काढून घेतील गं. काढून घेण्यापेक्षा आपण होऊन दिलेला बरा."

मला तिचा राग आला. पण त्याहून जास्त स्वतःचा आला. मी दिवसभर परक्या लोकांचा एकेक शब्द पकडून ठेवते आणि सख्ख्या बहिणीचे कान गेले ते मला सहा वर्षं कळलं नाही! अर्थात तिनेही शक्कल लढवली होती. भेटली की ती अखंड बोलायची. जो बोलतो त्याला ऐकावं लागत नाही. मला वाटायचं, ही वयाबरोबर बडबडी झाली.

"ठेव पत्र," मी म्हणाले. "करते टाइप." आणि ते मी टाइप केलं नाही. बावीस वर्षांत समोर आलेला कागद टाइप न करता ठेवून देण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी परिषदेच्या संयोजिकाबाईंना फोन लावला. त्या तंत्रनिकेतनात शिकवत होत्या आणि आवाजावरून फारच घाईत होत्या.

"कानाने अधू असलेल्या शिक्षकांसाठी काय सोय आहे?" मी विचारलं.

"तशी काही नाही, मॅडम. म्हणजे कोणी मागितलीच नाही आजवर. असे शिक्षक येतच नाहीत आमच्याकडे."

"येत असतील. तुमच्याबरोबर हसून घरी जात असतील."

फटकळपणाबद्दल माफी मागावी की काय असं मला वाटायला लागलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काय करता येईल, सांगा."

बाई चांगल्या निघाल्या. मी सांगितलं, स्टेजच्या बाजूला आणखी एक पडदा लावा. बोलणारा जे बोलेल ते मी तिथल्या तिथे टाइप करीन आणि ते पडद्यावर दिसेल. कोणासाठी, ते मात्र विचारायचं नाही. "दोन दिवस रजा टाकते," मी म्हणाले. त्यांनी लगेच होकार दिला. वर म्हणाल्या, "आम्हाला हे सुचलं कसं नाही?" याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, पण कधी नव्हे ते मी गिळलं.

ताईला पटवणं जास्त अवघड गेलं. "सगळे विचारतील, कोणासाठी आहे म्हणून."

"सांगू, सगळ्यांसाठी आहे."

"आणि तुला त्यातलं काय कळणार आहे? व्हेरिएबल कशाला म्हणतात, माहितीये?"

हे मात्र खरं होतं. मग दोन आठवडे रोज संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला शिकवू लागली. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा. आतलं सामान बदलतं, नाव तेच राहतं. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, थांबायची अट पूर्ण होईपर्यंत. अट घालायला मी विसरले, तर तिने मला तेच दोन कप अकरा वेळा विसळायला लावले. बाराव्या वेळी मी थांबले तर म्हणते, "संगणक असा वैतागत नाही." त्या दोन आठवड्यांत मला कळलं की मुलं हिच्या वर्गात का रमतात. हा वर्ग खेळाच्या सरांकडे जाऊ द्यायचा नाही, हेही तेव्हाच माझ्या डोक्यात पक्कं झालं.

परिषदेचा पहिला दिवस. अडीचशे खुर्च्या, बहुतेक भरलेल्या. ताई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मी स्टेजच्या पायथ्याशी टेबल टाकून बसले. कोर्टात वापरते तोच संगणक मी आणला होता आणि तिथेच घोळ झाला. कोर्टात वेग हवा म्हणून मी लांब शब्दांचे छोटे संकेत भरून ठेवलेले असतात; दोन अक्षरं दाबली की सबंध शब्द उमटतो. ते काढून टाकायला मी विसरले. प्रमुख पाहुणे स्वागताचं बोलत होते आणि पडद्यावर उमटलं, 'येथे जमलेल्या सर्व आरोपींचे मी मनापासून स्वागत करतो.' मागच्या रांगेतून हसू फुटलं. पाहुण्यांना वाटलं, आपला विनोद जमला, आणि ते खुलून आणखी दहा मिनिटं बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईकडे पाहिलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. या खेपेला कशाला हसायचं ते तिला कळलेलं होतं.

संकेत काढून टाकले आणि गाडी रुळावर आली. नव्या अभ्यासक्रमाचे तज्ज्ञ उभे राहिले. गृहस्थ हुशार, पण बोलणं असं की वाक्याचा शेपटा नेहमी तोंडातच. त्यात आमच्याकडे पाठ. पाचव्या मिनिटाला माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! शेवटचं वाक्य पुन्हा सांगा. आणि इकडे तोंड करून बोला."

हे कोर्ट नव्हे, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. तज्ज्ञ चष्मा सावरत म्हणाले, "आपण कोण?"

"नोंद घेणारी," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्यांनी वाक्य पुन्हा सांगितलं. सांगताना त्यांच्याच लक्षात आलं की मधली एक पायरी राहून गेली होती. ती त्यांनी सांगितली. मागून कोणीतरी म्हणालं, "बरं झालं बाई थांबवलंत, मी केव्हाची चाचपडत होते." त्यानंतर तज्ज्ञ सावकाश बोलू लागले, आणि दर दोन वाक्यांनी माझ्याकडे चोरून बघू लागले. त्यांची मला जराशी दयाही आली. ताई भराभर वहीत उतरवून घेत होती. संध्याकाळी तिची अकरा पानं भरली होती.

पण एकदाही तिने प्रश्नाला हात वर केला नाही. जाताना म्हणाली, "सगळं कळलं. एक शंका आहे, पण राहू दे." मी माझा संगणक पिशवीत भरत राहिले. बोलले असते तर भांडण झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरा भाग होता. वर्गात शिकवायचे धडे एकेक करून दाखवणार होते. तज्ज्ञांनी सुरुवात केली आणि दहाव्या मिनिटाला माझा पडदा काळा झाला. कोणाचा तरी पाय वायरीत अडकला होता. माझा संगणक चालू होता, फक्त पडद्यावर काही जात नव्हतं. संयोजिकाबाई धावल्या, वायर हातात घेतली, तर तिचं टोकच मोडलेलं. दुसरी आणायला माणूस वरच्या मजल्यावर गेला.

तज्ज्ञ घड्याळ बघत म्हणाले, "वेळ कमी आहे. पडदा नसला तरी चालेल ना? पुढे जाऊ या?"

"चालेल, चालेल," चारी बाजूंनी आवाज आले. लोक चांगलेच होते. त्यांचं खरंच चालणार होतं.

माझे हात कळफलकावर होते आणि जीभ दातांत. ओरडायचं होतं की चालणार नाही. पण कोणाचं चालणार नाही, हे सांगायचा हक्क माझा नव्हता. मी ताईकडे पाहिलं. तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग 'चालेल' म्हणणाऱ्यांच्या ओठांकडे, मग तज्ज्ञांच्या पाठीकडे, मग वहीकडे. वही मिटली. मला वाटलं, झालं, आता ही उठून घरी जाणार, आणि सोमवारी ते पत्र स्वतःच कोणाकडून तरी टाइप करून घेणार.

ताई उठली. पण दाराकडे गेली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "चालणार नाही. मला ऐकू येत नाही. मी पडदा वाचून शिकतेय. पडदा नसेल तर माझी परिषद इथेच संपली, आणि मला हा धडा हवाय, कारण तो मला माझ्या वर्गात शिकवायचाय."

मी मान वळवून तिच्याकडेच बघत होते. पण बोटांना कोण थांबवणार? कोणी बोललं की ती चालतात. पडदा बंद असतानाही ती चालूच होती. माणूस दुसरी वायर घेऊन धापा टाकत आला, त्याने ती खोचली, आणि उजळलेल्या पडद्यावर ठळक अक्षरांत ताईचंच बोलणं उभं राहिलं. 'चालणार नाही. मला ऐकू येत नाही.' अडीचशे लोक ते वाचत होते. ताईही वाचत होती. सहा वर्षं लपवलेली गोष्ट तिच्यासमोर भिंतीवर होती आणि काहीही कोसळलं नव्हतं.

मग आठव्या रांगेतले एक पिकल्या केसांचे सर उठले. म्हणाले, "मलाही कमी येतं. मी काल घाबरून बोललो नाही." त्यांच्यामागून एक तरुण शिक्षिका म्हणाली की तिला ऐकू येतं, पण ही भाषा ती मोठेपणी शिकली, वाचलं तरच नीट कळते. आणखी एकीने मागणी केली, अक्षरं जरा मोठी करता येतील का. मी केली. तज्ज्ञ कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मी पहिल्यापासून सुरू करतो." आणि आमच्याकडे तोंड करून सुरू केलं. ताईने शेवटी तिची ती शंका विचारली. शंका इतकी बरोबर होती की तज्ज्ञांनी ती स्वतःच्या वहीत लिहून घेतली. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, त्या दिवशी घरी जाऊन मी संध्याकाळीच झोपले, इतकं हलकं वाटत होतं.

संयोजिकाबाईंनी नंतर माझ्याकडून दोन दिवसांची सगळी नोंद मागून घेतली. अंतर, आजारी आईवडील, तान्ही बाळं अशा कारणांनी जे शिक्षक येऊच शकले नव्हते, त्यांना ती पाठवली. एकशे चाळीस पानं. त्यात माझं 'थांबा' आहे, आणि पहिल्या पानावर आरोपींचं स्वागतही तसंच आहे. नोंद बदलायची नाही, हा माझा हट्ट. पुढच्या वर्षीच्या अर्जात आता एक नवा प्रश्न आलाय: तुम्हाला नीट शिकता यावं म्हणून आम्ही काय करू?

सोमवारी ताई सकाळीच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. मुख्याध्यापिकांनी कागद पुढे ओढला, नव्या अभ्यासक्रमाच्या रकान्यात ताईचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "सहा वर्षं मी तुम्हाला गर्विष्ठ समजत होते. मागून हाक मारली की तुम्ही कधी वळायचाच नाहीत." ताई म्हणते, दोघींनाही रडावं की हसावं ते कळेना.

मग ती वर्गात गेली. तिला खरी धास्ती तिथलीच होती. मुख्याध्यापिका समजून घेतील, पण मुलं? मुलं टिंगल करतील, मागून बोलतील, ऐकेनाशी होतील, हे सगळं तिने मनात सहा वर्षं घोळवलं होतं. तिने फळा पुसला, खडू ठेवला आणि सांगितलं, "मला ऐकायला फार कमी येतं. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, ते आम्हाला माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मोठ्या वर्गातल्या मुलांनी सांगितलं होतं, या बाईंशी बोलताना तोंडावर हात ठेवायचा नाही आणि वहीत बघून बोलायचं नाही. त्यांना त्यांच्या आधीच्या मुलांनी सांगितलं होतं."

ताई खुर्चीवर बसली. "मग मला कसं नाही सांगितलंत कधी?"

मुलीने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. सांगू का, असं विचारल्यासारखं. मग पुन्हा ताईकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाली, "बाई, आम्हाला वाटलं, तुम्हालाच माहीत नाहीये."